ऑर्किडची पानकूज: कापायचं कुठे, औषध कोणतं, आणि ती परत येऊ नये म्हणून काय बदलायचं

ऑर्किडच्या पानावर काल नखाएवढा दिसलेला ओला डाग आज बोटभर झाला असेल, तर पुढचं वाचण्याआधी दोन कामं करा. त्या झाडाचं पाणी बंद करा आणि कुंडी उचलून बाकीच्या झाडांपासून दूर, वारा लागेल अशा कोरड्या सावलीत ठेवा. एवढं झालं की उरलेलं शांतपणे वाचून करता येईल. मात्र उद्यावर ढकलू नका. उष्ण, दमट हवेत मऊ कूज फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडचं अख्खं झाड दोन-तीन दिवसांत संपवू शकते.

पानकुजीचे प्रकार बरेच आहेत, पण बहुतेकांच्या मुळाशी परिस्थिती एकच असते: पान, पोंगा (नवं पान निघतं ती मधली जागा) किंवा मुळं हवी त्यापेक्षा जास्त तास ओली राहिलेली असतात. बुरशीचा बीजाणू पानावर उगवायला पाण्याचा पातळ थर लागतो. जिवाणू जखमेतून किंवा पर्णरंध्रातून आत शिरतो, तोही पाण्याबरोबर. काळ्या कुजीचे बीजाणू तर अक्षरशः पाण्यात पोहतात. म्हणून मी औषधापेक्षा 'झाड भिजल्यापासून किती तासांत कोरडं होतं' या प्रश्नाला जास्त महत्त्व देते. औषधाने आजची कूज थांबेल. पुढच्या महिन्यातली थांबवायची असेल तर हे तास कमी करावे लागतील.

डाग कसला आहे ते आधी ठरवा

बारीक टोकाचा मार्कर घ्या, डागाच्या कडेने पानावर रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. चोवीस तासांनी बघा. डाग रेघेबाहेर सरकला असेल तर रोग जिवंत आहे. सरकला नसेल तर घाईने पान कापू नका. या एका रेघेमुळे कितीतरी निरोगी पानं वाचतात. अर्थात पान आधीच लिबलिबीत झालं असेल तर ही चाचणी करत बसू नका, सरळ कापणीकडे वळा.

मऊ कूज ओळखायला सोपी. डाग पाणी भरल्यासारखा, किंचित पारदर्शक दिसतो, बोटाने दाबलं की आत गर झालेला लागतो आणि सडका वास येतो. हा जिवाणूंचा रोग आहे. पेक्टोबॅक्टेरियम आणि डिकेया हे त्यातले नेहमीचे. जुन्या पुस्तकांत यांनाच एर्विनिया म्हटलेलं असतं. फॅलेनॉप्सिस, पॅफियोपेडिलम आणि व्हँडा या ऑर्किडच्या जातींना त्यांचा जास्त त्रास होतो.

जिवाणूजन्य तपकिरी डाग थोडा वेगळा असतो. अ‍ॅसिडोव्होरॅक्स नावाच्या जिवाणूमुळे फॅलेनॉप्सिसच्या पानावर आधी छोटे पाणीदार फोड येतात, मग ते तपकिरी-काळे होतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून द्रव झिरपतो. त्या थेंबात जिवाणू भरलेले असतात, त्यामुळे असं पान हाताळल्यावर दुसऱ्या झाडाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. वास बहुधा नसतो. कॅटलिया जातीच्या ऑर्किडवर हाच रोग हळू चालतो, खोलगट काळा डाग होऊन बरेचदा तिथेच थांबतो.

काळी कूज पिथियम आणि फायटोफ्थोरा यांच्यामुळे होते. कॅटलियात ती नव्या कोंबाच्या किंवा कंदाच्या (खोडाच्या फुगीर भागाच्या) तळाशी सुरू होऊन वर चढते. पानाचा बुंधा जांभळट-काळा पडतो, कडेला पिवळी पट्टी दिसते, आणि बोट लावलं की पान सहज गळून पडतं. डाग घट्ट असतो, पण दाबल्यावर पाणी सुटतं. यांना आपण सोयीने बुरशी म्हणतो, मात्र त्या खऱ्या बुरशीच्या गटातल्या नाहीत, आणि नेहमीची काही बुरशीनाशकं त्यांच्यावर चालत नाहीत. औषध निवडताना हे उपयोगी पडेल.

करपा, म्हणजे कोलेटोट्रिकम, कोरडा रोग आहे. पानाच्या टोकाकडून किंवा उन्हाने भाजलेल्या जागेतून तपकिरी, खोलगट भाग पसरतो. त्यात एकात एक वर्तुळं दिसतात आणि भिंगातून पाहिलं तर बारीक काळे ठिपके. हा बहुतेक वेळा आधीच कमजोर झालेल्या झाडावर येतो. आणि कुंडीच्या तोंडाशी पांढरे तंतू व मोहरीसारखे बारीक तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियम नावाची बुरशी आहे. अशा वेळी त्या कुंडीतलं सगळं माध्यम (मुळांभोवती भरलेली साल, कोळसा, शेवाळ वगैरे) पिशवीत बांधून टाकून द्या. ते दुसऱ्या झाडाला किंवा कंपोस्टला वापरू नका, कारण ते दाणे दीर्घकाळ जिवंत राहतात.

आता जे रोग नाहीत त्यांच्याकडे वळू. फवारण्या याच डागांवर सर्वांत जास्त वाया जातात.

उन्हाचा चटका पानाच्या सगळ्यांत वरच्या, सूर्याकडे वळलेल्या भागावर पडतो. डाग आधी फिका पांढरट, मग कोरडा कागदी होतो. तो पसरत नाही. फॅलेनॉप्सिसचं सर्वांत खालचं एकच पान हळूहळू, सगळीकडून सारखं पिवळं पडत असेल तर ते वयाने जातंय, जाऊ द्या. पानांची टोकं तेवढी कोरडी तपकिरी होत असतील तर खताचे क्षार साचलेत. गार पाणी उबदार पानावर पडलं तर फॅलेनॉप्सिसच्या पेशी कोसळतात आणि पानावर खड्डे पडतात. आणि एक फसवी गोष्ट: कॅटलियाच्या अगदी नव्या पानाचं टोक काळं पडून कडेला पिवळी रेघ दिसते, तेव्हा सगळे कूज समजतात. बरेचदा ती कॅल्शियमची कमतरता असते. काळी कूज तळातून वर येते, कॅल्शियमची कमतरता नव्या पानाच्या टोकापासून खाली येते. दिशा बघा.

झाडाची ठेवण बघून कापा

फॅलेनॉप्सिस आणि व्हँडा एका शेंड्याची झाडं आहेत. वाढ एकाच टोकातून होते, ते टोक गेलं की झाडाची वाढ थांबते. म्हणून त्यांच्यात पानावरची कूज बुंध्यापर्यंत पोचण्याआधी थांबवायची. कॅटलिया, डेंड्रोबियम, ऑन्सिडियम आडव्या खोडावरून एकामागून एक कंद काढत पुढे सरकतात, आणि मागच्या कंदांवर सुप्त डोळे असतात. त्यांच्यात एखादा अख्खा कंद काढून टाकला तरी झाड पुन्हा फुटतं. म्हणून कॅटलियावर कापताना हात आखडू नका, आणि फॅलेनॉप्सिसवर मात्र प्रत्येक सेंटिमीटर विचार करून कापा.

हत्यार धारदार हवं. एकदा वापरून टाकायची दाढीची पाती या कामाला उत्तम, प्रत्येक झाडाला नवं पातं. कात्री किंवा सुरी असेल तर ती ज्योतीवर लाल होईपर्यंत धरा आणि थंड होऊ द्या. 70 टक्के अल्कोहोल जिवाणू-बुरशीला पुरतं, पण सिंबिडियम मोझॅकसारख्या विषाणूंच्या बाबतीत त्याच्यावर विसंबता येत नाही, आणि हे विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर मुख्यतः हत्यारावरूनच जातात. त्यावर उपाय नसतो. म्हणून मी ज्योतच पसंत करते. अल्कोहोलने ओलं पातं मात्र ज्योतीजवळ नेऊ नका, आणि अल्कोहोलची बाटली त्या टेबलावरून आधी हलवा.

काप डागाच्या कडेवर घ्यायचा नाही. जिवाणू दिसणाऱ्या कडेच्या पुढे गेलेला असतो. मऊ कुजीत डागाच्या पुढे दोन ते तीन सेंटिमीटर, हिरव्या कडक भागात कापा. करप्यात एक सेंटिमीटर पुरे. एका झटक्यात, पुन्हा पुन्हा पातं न फिरवता. मग कापलेली कड उजेडात धरून बघा. ती स्वच्छ हिरवट-पांढरी असली पाहिजे. तपकिरी रेषा किंवा काचेसारखा ओलसर भाग दिसला तर पातं पुन्हा निर्जंतुक करून आणखी आत या. कापलेला तुकडा लगेच पिशवीत घालून बांधा, कुंडीवर पडू देऊ नका.

फॅलेनॉप्सिसचं अर्धं पान निरोगी असेल तर ते अर्धं ठेवा. अर्धं पानही झाडाला पोसतं. पण कूज बुंध्याच्या जवळ असेल तर अख्खं पान काढावं लागतं. ते ओढून उपटू नका. पानाच्या मधल्या शिरेवरून टोकापासून बुंध्यापर्यंत उभा छेद द्या, आणि दोन्ही अर्धे भाग विरुद्ध बाजूंना, खोडापासून बाहेरच्या दिशेने सोलून काढा. खोडाची साल न फाटता पान सुटतं.

कॅटलियाच्या काळ्या कुजीत रोगट कंद आणि त्याच्या मागचा एक कंद आडव्या खोडासकट कापा. खोडाचा छेद बघा. पांढरा-हिरवट असेल तर थांबा. तपकिरी असेल तर आणखी एक कंद मागे जा. छेदात जांभळट कडं दिसलं तर ते फ्युझॅरियम नावाच्या बुरशीचं लक्षण आहे. ते खोडाच्या आतून पसरतं. जांभळं कडं संपून पूर्ण स्वच्छ छेद मिळेपर्यंत मागे जा, आणि तसा छेद मिळालाच नाही तर ते झाड ठेवू नका.

कापलेल्या पानाच्या कडेला दालचिनीची पूड लावली तर जखम लवकर सुकते आणि बुरशीलाही थोडा आळा बसतो. फक्त कडेला. दालचिनी ओलावा शोषते, त्यामुळे ती मुळांवर किंवा माध्यमावर भुरभुरली तर चांगली मुळंही वाळतात. हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल माझं मत स्पष्ट आहे: 3 टक्क्यांचं द्रावण जखमेवर एकदा लावायला हरकत नाही, पण फेस येतोय म्हणजे रोग मरतोय असं नव्हे. ते काही मिनिटांत पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं, मागे संरक्षण उरत नाही, आणि रोज ओतलं तर कोवळी मुळं जळतात.

औषध: रोगाप्रमाणे

जिवाणूंवर बुरशीनाशकांचा बहुधा काही उपयोग होत नाही. अपवाद तांब्याच्या औषधांचा. कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के भुकटी साधारण लिटरला 2.5 ते 3 ग्रॅम वापरली जाते. पाकिटावरची मात्रा वेगळी असेल तर पाकिटाचं ऐका. डेंड्रोबियमना तांबं सोसत नाही, पानं गळतात. फुलं-कळ्या असलेल्या कुठल्याच ऑर्किडवर ते नको. पाणी आम्लधर्मी असेल तर तांबं जास्त विरघळतं आणि पानं भाजतात, म्हणून व्हिनेगर वगैरे घालून सामू (pH) उतरवलेल्या पाण्यात ते कालवू नका. डेंड्रोबियमसाठी कापणी, कोरडेपणा आणि क्वाटर्नरी अमोनियम वर्गातलं बागेसाठी बनवलेलं जंतुनाशक यांवर भर द्या.

स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविकं घरच्या झाडांवर मारू नयेत, असं मला ठामपणे वाटतं. दोन-चार कुंड्यांसाठी जिवाणूंना प्रतिकार शिकवणं योग्य नाही, आणि कापणी व हवा यांनी तेच काम होतं.

काळ्या कुजीवर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारून लोक वाट बघत बसतात आणि झाड जातं. कार्बेन्डाझिम पिथियम-फायटोफ्थोरावर चालतच नाही. तिथे मेटॅलॅक्सिल आणि मँकोझेबचं मिश्रण, लिटरला साधारण 2 ग्रॅम, किंवा फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम हवं. फोसेटिल झाडात वर आणि खाली दोन्हीकडे वाहतं, म्हणून मुळांपर्यंत पोचतं. पण ते आम्लधर्मी आहे, तांब्याच्या औषधात मिसळू नका आणि तांब्याच्या फवारणीच्या मागोमागही देऊ नका. करप्यावर आणि इतर पानठिपक्यांवर मँकोझेब लिटरला 2 ग्रॅम चालतं. ते निरोगी पानावर कवच धरतं, आत शिरलेला रोग बरा करत नाही. त्यामुळे आधी कापणी, मग फवारणी.

फवारणी सकाळी करा, म्हणजे संध्याकाळच्या आत पानं वाळतील. पानाची खालची बाजू आणि पानांच्या बेचक्या सोडू नका, पण पोंग्यात साचलेलं द्रावण टिपून घ्या. सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा, गरज वाटली तर तिसऱ्यांदा. हातमोजे, मास्क आणि मोकळी हवा या तीन गोष्टींवर तडजोड नको. युरोपीय संघाने 2020 मध्ये मँकोझेबची परवानगी पुढे वाढवायला नकार दिला, एवढं लक्षात ठेवलं तरी खोलीत बसून फवारण्याचा मोह होणार नाही. तुमच्या देशात कोणतं औषध चालतं ते विकत घेण्याआधी तपासा.

पोंगा कुजला तर

फॅलेनॉप्सिसच्या मधोमध जिथून नवं पान निघतं, तिथे रात्रभर पाणी राहिलं की शेंडा कुजतो. मधलं पान हलक्या हाताने ओढल्यावर सुटून आलं आणि त्याचा बुंधा तपकिरी, वासाचा असेल तर वाढीचं टोक गेलेलं आहे. तरी झाड फेकू नका. कुंडी तिरकी करून आतलं पाणी काढा, कागदी रुमालाचं टोक पिळून बेचक्यात घाला आणि ओलावा शोषून घ्या. मऊ झालेला भाग निर्जंतुक चमच्याने किंवा पात्याने खरवडा, कडक ऊती लागेपर्यंत. पेरॉक्साइड वापरायचंच असेल तर याच जागी, एकदाच. मग पंख्याच्या झोतात दोन दिवस. फुलांचा दांडा असेल तर तो कापा, मन घट्ट करून. तो झाडाची उरलेली ताकद ओढून घेतो.

खालची पानं हिरवी आणि मुळं टणक असतील तर अशा खोडाच्या बाजूने नवं पिल्लू फुटू शकतं. त्याला महिने लागतात. त्या काळात पाणी फक्त माध्यमाला, तेही कमी, आणि खत नाही. निसर्गात फॅलेनॉप्सिस झाडाच्या खोडाला आडवं लटकून वाढतं, पानं खाली झुकलेली असतात आणि पावसाचं पाणी पोंग्यात थांबतच नाही. आपण त्याला कुंडीत सरळ उभं करतो आणि पोंग्याची वाटी करून ठेवतो. पुढच्या वेळी कुंडीत लावताना झाड थोडं कलतं लावा. ते वाकडं दिसेल, पण पाणी ओघळून जाईल.

कॅटलियाच्या नव्या कोंबातही असंच पाणी अडकतं. कोंब वाढत असताना त्याच्याभोवतीचं आवरण पाणी धरून ठेवत असेल तर ते नखाने हळूच उभं चिरून मोकळं करा.

मुळं बघितल्याशिवाय काम पुरं होत नाही

पान कुजलं की माणूस पानाकडे बघतो. कुंडीतून झाड काढून बघा, विशेषतः झाड आणल्यापासून माध्यम बदललेलं नसेल तर. विकतच्या फॅलेनॉप्सिसमध्ये मुळांच्या मधोमध रोपावस्थेतला शेवाळाचा किंवा स्पंजचा गोळा तसाच राहिलेला असतो. वरचं माध्यम कोरडं दिसतं आणि आत तो गोळा चिंब असतो. बुंधा तिथूनच कुजायला लागतो.

निरोगी मूळ दाबल्यावर टणक लागतं. कोरडं असताना चंदेरी, भिजल्यावर हिरवं. कुजलेलं मूळ पोकळ, तपकिरी असतं आणि साल ओढली की आतला दोरा तेवढा हातात राहतो. अशी मुळं कापा. तपकिरी रंग असूनही टणक असलेलं मूळ ठेवा, माध्यमाच्या रंगाने ते डागाळतं. जुनं माध्यम पूर्ण टाका. कुंडी परत वापरायची असेल तर आधी घासून धुवा, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घेऊन अर्धा तास बुडवा आणि स्वच्छ पाण्याने खळबळून वाळवा. घासणं आधीच हवं, कारण घाण असली की ब्लीचची ताकद त्या घाणीतच संपते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलं साफसफाईचं द्रावण मिसळू नका, विषारी वायू होतो.

नवं माध्यम मोठ्या तुकड्यांचं घ्या: सालीचे तुकडे, लोणारी कोळसा, विटेचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे. सोडणात क्षार असतात, ते दोन-तीनदा पाणी बदलून भिजवून घ्या. स्फॅग्नम शेवाळ आपल्या वजनाच्या दहापटीहून अधिक पाणी धरतं. कोरड्या हवेत ते वरदान आहे, पण दमट हवेत आणि दाबून भरलेलं असेल तर कुजीला आमंत्रण. कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच. मोठ्या कुंडीत मधलं माध्यम वाळत नाही. साल दीड-दोन वर्षांत कुजून भुगा होते, मग हवेच्या पोकळ्या बुजतात. आंबूस वास आला तर तेवढंही थांबू नका.

मुळं फारच कमी उरली असतील तर पेच असतो. मुळं नसलेल्या झाडाला दमट हवा लागते, आणि कुजलेल्या झाडाला कोरडी. माझ्या मते आधी जखमा वाळू द्याव्यात, चार-पाच दिवस पूर्ण कोरडं. नंतर ओलसर शेवाळाच्या वर, शेवाळाला न टेकवता, झाड ठेवून भोवती सैल पिशवी घालावी आणि ती रोज उघडावी. पिशवी लगेच बांधली तर उरलेलं झाडही जाईल.

पान किती तासांत वाळतं

इथे खरा वेळ घालवा. सकाळी पाणी घाला, घड्याळ बघा आणि पानांच्या बेचक्या कधी कोरड्या होतात ते नोंदवा. दुपारपर्यंत कोरड्या झाल्या तर उत्तम. अंधार पडताना अजून ओलावा असेल तर काहीतरी बदलायला हवं. संध्याकाळी तापमान उतरलं की तीच हवा जास्त दमट होते, पानांवर दव धरतं, आणि सकाळपर्यंत वाळण्याची आशा उरत नाही. म्हणून पाणी सकाळीच. ढगाळ दिवशी घातलं नाही तरी चालतं.

सर्वांत मोठा फरक छोट्या पंख्याने पडतो. वेग सर्वांत कमी, झोत झाडांवर सरळ नको, तो भिंतीवर आपटून परत यावा. पानं जेमतेम हलली पाहिजेत. आणि तो रात्री चालू ठेवा. बहुतेक लोक दिवसा लावतात आणि झोपताना बंद करतात, तर रोगाला लागणारा ओलावा रात्रीच साचतो. ऑर्किडला 50 ते 70 टक्के आर्द्रता मानवते, आणि त्या आर्द्रतेत हवा हलती असेल तर कूज सहसा होत नाही. पाणी भरलेला खड्यांचा ट्रे कुंडीखाली ठेवलात तर कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. पानांवर सारखं पाणी उडवून आर्द्रता वाढवायची सवय सोडाच. आर्द्रता हवेत हवी, पानावर साचलेलं पाणी नको.

कुंड्यांमध्ये एवढं अंतर ठेवा की एकाची पानं दुसऱ्याला लागणार नाहीत. एकाखाली एक टांगलेल्या झाडांत वरच्याचं निथळणारं पाणी खालच्याच्या पोंग्यात जातं, आणि वरचं झाड आजारी असेल तर रोगही. पाणी घालताना कुंड्या एका टबात एकत्र बुडवण्याची पद्धत याच कारणाने मला मान्य नाही. प्रत्येक कुंडीला वरून, पानं टाळून, भोकांतून भरपूर निथळेपर्यंत पाणी द्या, आणि मग मुळं चंदेरी होईपर्यंत थांबा. शंका असेल तर लाकडी काडी माध्यमात खोल खुपसून दहा मिनिटांनी काढा. काडी ओली असेल तर पाणी नको. शोभेच्या बिनभोकाच्या बाहेरच्या कुंडीत साचलेलं पाणी प्रत्येक वेळी ओता.

उजेड कमी पडला की पानं गडद हिरवी, लांब, लुसलुशीत होतात आणि कुंडी वाळायलाही वेळ लागतो. फॅलेनॉप्सिसला 10,000 ते 15,000 लक्स पुरतात, कॅटलियाला 20,000 ते 30,000, व्हँडाला त्याहून जास्त. मोबाइलवरच्या लक्समापकाने ढोबळ अंदाज येतो. नाहीतर पानाच्या फूटभर वर हात धरा: पुसट सावली फॅलेनॉप्सिसला ठीक, स्पष्ट कडांची कॅटलियाला. गवती हिरवा रंग हवा. कमी उजेडातलं झाड जास्त उजेडात आणायचं तर दोन-तीन आठवडे घेत हळूहळू आणा. भाजलेल्या जागेतून करपा शिरतो. फॅलेनॉप्सिसला रात्री 17-18 अंश सेल्सियसच्या खाली फार दिवस राहू देऊ नका, आणि गारठ्यात पाणी आणखी कमी करा.

खताबाबत थोडक्यात. नत्र जास्त दिलं की पेशी मऊ होतात आणि जिवाणूला सोपं जातं. कूज चालू असताना खत पूर्ण बंद. नवं मूळ दिसल्यावर पाकिटावरच्या मात्रेच्या चौथ्या हिश्शाने सुरू करा, महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने माध्यम धुवा. पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरत असाल तर कॅल्शियम कमी पडतं. अधूनमधून लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट द्या, ते इतर खतात न मिसळता वेगळ्या दिवशी, कारण फॉस्फेट आणि सल्फेटबरोबर त्याचा साका बसतो.

सलग पावसाच्या दिवसांत उघड्यावरच्या झाडांवर पारदर्शक छप्पर घालणं सगळ्या औषधांपेक्षा उपयोगी आहे. ते जमणार नसेल तर फॅलेनॉप्सिस तरी आत घ्या, आणि पाऊस थांबल्यावर पोंग्यांतलं पाणी टिपा किंवा फुंकून काढा. गोगलगाई याच काळात वाढतात. त्यांनी केलेल्या जखमा हे रोगाचं दार असतं, म्हणून रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारा.

वेगळं ठेवलेलं झाड परत कधी आणायचं

कापल्यानंतर तीन-चार दिवस पाणी नाही; कंद असलेल्या झाडांना आठवडाभरही चालतं. मग फक्त माध्यमाला थोडं पाणी. शेजारची झाडं पहिले दोन आठवडे रोज बघा, पानांच्या खालच्या बाजूसकट. कापलेली कड कोरडी, कागदासारखी झाली, तीन-चार आठवडे नवा डाग नाही आणि एखादं मूळ किंवा पान स्वच्छ वाढताना दिसतंय, एवढं झालं की झाड परत आणा. पहिले काही आठवडे त्याला रांगेच्या टोकाला, पंख्याचा वारा जिकडे बाहेर जातो त्या बाजूला ठेवा, दुसऱ्या कुठल्याही कुंडीच्या वर नको, आणि त्याला पाणी सगळ्यांत शेवटी घाला.